घरच्या विमानाचा पट्टा कोणी निवडावा?

प्रशासनात बरीच वर्षे काढल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. नियम लिहिणे फारसे अवघड नसते. कोणत्या गोष्टीला नियम लावायचा आणि कोणती गोष्ट माणसाच्या विवेकावर सोडायची, हे ठरवणे मात्र अवघड असते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी मुद्दाम एक अगदी लहान विषय घेत आहे. एखाद्याने स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या जागेत एक छोटे विमान बांधले, तर त्यातील सीट बेल्ट कोणता असावा आणि तो कोणी ठरवावा? विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. पण शंभरहून अधिक वर्षांचा इतिहास, थोडे पदार्थविज्ञान, थोडे अर्थशास्त्र आणि शासनाची पुष्कळशी मर्यादा या एका पट्ट्यात गुंडाळलेली आहे.

आरंभ इतिहासापासून करू. विमानातील पट्टा हा मुळातच घरगुती उपाय होता. १९१० साली अमेरिकी सैन्यातील बेंजामिन फुलॉय हे अधिकारी टेक्सासमधील फोर्ट सॅम ह्यूस्टन येथे राइट बंधूंच्या विमानावर स्वतःच उड्डाण शिकत होते. त्या विमानाला बंदिस्त कक्ष नव्हता. वैमानिक पंखावर उघड्यावर बसे. एकदा हवेच्या झोताने ते आसनावरून जवळजवळ फेकले गेले. तेव्हा त्यांनी छावणीतील खोगीर बनविणाऱ्यांकडून चामड्याचा एक पट्टा मिळवला आणि स्वतःला आसनाशी बांधून घेतले. त्यासाठी कोणतेही मानक नव्हते, कोणतीही परवानगी नव्हती. गरज ज्याची, उपायही त्याचाच.

पण ही रीत सर्वांनी उचलली नाही. अपघात झालाच तर बांधलेला माणूस विमानाखाली चिरडला जाईल, त्यापेक्षा बाहेर फेकला गेलेला बरा, असा समज पुष्कळ काळ टिकून होता. १ जुलै १९१२ रोजी हॅरिएट क्विंबी ही अमेरिकेतील पहिली परवानाधारक स्त्री-वैमानिक बॉस्टनजवळ उड्डाण करीत असताना विमानाने अचानक मान खाली घातली. ती आणि तिचा सहप्रवासी दोघेही आसनांवरून उडून खाली पडले आणि मरण पावले. त्यांचे विमान मात्र मागाहून आपसूक तरंगत किनाऱ्यावरच्या चिखलात येऊन रुतले. १९२६ साली बेसी कोलमन या वैमानिकेचा मृत्यूही असाच झाला. खालची जमीन नीट पाहता यावी म्हणून तिने पट्टा लावला नव्हता. विमान उलटले आणि ती बाहेर फेकली गेली.

या टप्प्यापर्यंत पट्ट्याचे काम एवढेच मानले जाई की माणूस आसनावरून पडू नये. विमान जमिनीवर आदळल्यावर पट्ट्याने काय करावे, हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारलेला नव्हता. तो विचारणारा माणूस स्वतः अशाच अपघातातून वाचलेला होता. ह्यू डीहेवन हा तरुण १९१७ साली टेक्सासमध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या प्रशिक्षणात असताना दोन विमानांची हवेत टक्कर झाली. तो वाचला, पण त्याच्या पोटातील अवयवांना गंभीर दुखापत झाली. पुढे विचार करताना त्याच्या लक्षात आले की ही दुखापत विमानाने केलेली नसून पट्ट्याच्या टोकदार बक्कलाने केलेली आहे. ज्या वस्तूने जीव वाचवला, तिनेच पोट फाडले होते. १९४२ साली त्याने उंचावरून पडूनही वाचलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि नंतर कॉर्नेल विद्यापीठात विमान-अपघातांतील दुखापतींचे पद्धतशीर संशोधन उभे केले. त्याचा मूळ विचार साधा होता. काचसामान पाठवताना आपण ते कसे बांधतो? खोके मजबूत हवे, आतली वस्तू हलता कामा नये, आणि धक्का एका जागी न बसता पसरला पाहिजे. माणसालाही हेच लागू आहे.

त्यानंतर हा विषय वेगाने पुढे गेला. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी न्यू मेक्सिकोमध्ये रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत स्वतःला बांधून घेतले. तिचा वेग ताशी १,००० किलोमीटरच्या पुढे गेला आणि ती दीड सेकंदाहूनही कमी वेळात थांबली. त्या क्षणी त्यांच्या शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट बल आले, आणि ते जिवंत राहिले. मानवी शरीर मानले जाते त्याहून बळकट आहे, फक्त त्याला नीट बांधले पाहिजे, हे सिद्ध झाले. १९५५ साली डीहेवन आणि रॉजर ग्रिसवोल्ड यांनी कंबर व छाती दोन्ही धरणाऱ्या पट्ट्याचे एकस्व घेतले. १९५९ साली स्वीडनमधील व्होल्वो कंपनीतील निल्स बोलिन यांनी आज आपल्या मोटारींत असतो तो तीन बिंदूंचा पट्टा सिद्ध केला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. हे बोलिन त्यापूर्वी साब या विमान-कंपनीत वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत होते. म्हणजे फरीदाबादच्या रस्त्यावरील मोटारीतला पट्टासुद्धा आकाशातूनच खाली आलेला आहे.

नियम या सगळ्याच्या पाठोपाठ आले. अमेरिकेत १८ जुलै १९७८ नंतर तयार झालेल्या लहान विमानांत पुढच्या आसनांना खांद्याचा पट्टा अनिवार्य झाला, आणि १२ डिसेंबर १९८६ नंतरच्या लहान विमानांत सर्व आसनांना. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८० च्या दशकात लहान विमानांचे ५०० गंभीर अपघात तपासले होते. त्यांचा निष्कर्ष असा होता की खांद्याचे पट्टे असते तर मृतांपैकी २० टक्के माणसे वाचू शकली असती, आणि गंभीर जखमींपैकी ८८ टक्के लोकांच्या दुखापती बऱ्याच सौम्य झाल्या असत्या. नियमाच्या समर्थनार्थ इतकी स्वच्छ आकडेवारी प्रशासकाच्या वाट्याला क्वचितच येते.

मात्र हे नियम कारखान्यात बनलेल्या आणि प्रमाणपत्र मिळालेल्या विमानांसाठी आहेत. घरी बांधलेल्या विमानांचे जग निराळे आहे. अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना स्थापन केली, आणि तेथे आज हजारो लोक आपल्या गॅरेजमध्ये विमाने बांधतात. तेथील कायद्याची अट अशी की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा आनंदासाठी बांधलेला असावा. त्या बदल्यात शासन त्याच्या प्रत्येक सुट्या भागाला प्रमाणपत्र मागत नाही. पट्टासुद्धा तो स्वतः निवडतो. आपल्या वाचकांपैकी जे अमेरिकेत वा युरोपात आहेत, त्यांच्या ओळखीत असा एखादा मराठी अभियंता असेलही. त्याच्यासमोर कोणते प्रश्न असतात ते पाहू, म्हणजे नियमाचा विचार हवेत राहणार नाही.

पहिला प्रश्न बलाचा. लहान विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने जमिनीला टेकले आणि तीन मीटर अंतरात थांबले, तर शाळेत शिकलेल्या सूत्राने हिशेब करता येतो. सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या साधारण साडेआठ पट येते. तेच विमान दीड मीटरात थांबले तर सतरा पटींच्या जवळ जाते. अमेरिकी नियमांत लहान विमानांसाठी पुढच्या दिशेने ९ पट बल हा आकडा दीर्घकाळ धरलेला आहे. १९८८ नंतरच्या नव्या आराखड्यांच्या आसनांसाठी २६ पटींची प्रत्यक्ष आघात-चाचणी आली. ८० किलो वजनाचा माणूस ९ पटींच्या धक्क्यात पट्ट्याला ७२० किलो वजनाइतका ओढतो. ही ओढ पट्टा सहज सोसतो. बाजारात मिळणारा बहुतेक कोणताही चांगला पट्टा याहून मजबूत असतो. पण ती ओढ पट्ट्यावर थांबत नाही. ती बक्कलातून बोल्टमध्ये, बोल्टातून सांगाड्यात जाते. पातळ प्लायवुडला किंवा फायबरच्या पत्र्याला एक बोल्ट मारून त्यावर महागडा पट्टा अडकवला, तर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो आणि माणूस पट्ट्यासकट पुढे जातो. म्हणून जाणकार बांधणारा पट्ट्याच्या आधी जोडबिंदूचा, म्हणजे पट्टा सांगाड्याला जेथे अडकतो त्या जागेचा, विचार करतो. तेथे बल पसरवणारी पट्टी किंवा मजबुतीची जादा थर-रचना देतो, आणि शक्यतो पट्टा आसनाला न बांधता थेट विमानाच्या सांगाड्याला बांधतो.

दुसरा प्रश्न कोनाचा. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर नितंबाच्या हाडांवर बसला पाहिजे. त्यासाठी तो विमानाच्या लांबीच्या रेषेशी साधारण ४५ ते ५५ अंशांत खाली-मागे जावा लागतो. खांद्याचा पट्टा खांद्यावरून मागे साधारण आडवा किंवा किंचित वर जावा. तीस अंशांपर्यंत वर चालतो, पण पाच अंशांहून अधिक खाली जाऊ नये असे अमेरिकी मार्गदर्शन सांगते. याचे कारण उघड आहे. आसनामागे जमिनीला बोल्ट मारणे सोपे पडते म्हणून खांद्याचा पट्टा खाली नेला, तर आदळताना तो माणसाला मागे धरण्याबरोबर खालीही दाबतो, आणि ते सगळे बल मणक्यावर येते. मग पट्टा तुटत नाही, पाठीचा कणा मोडतो. डीहेवनच्या बक्कलाचीच ही नवी आवृत्ती होय.

तिसरा प्रश्न पट्ट्यांच्या संख्येचा. फक्त कंबरपट्टा असेल तर माणूस कमरेत दुमडून डोके पुढच्या उपकरणपटावर आपटतो. दोन्ही खांद्यांचे पट्टे जोडले की छाती आवरली जाते, पण खांद्याच्या ओढीने कंबरपट्टा वर पोटावर सरकू शकतो आणि माणूस त्याखालून पुढे घसरतो. म्हणून दोन पायांमधून वर येणारा पाचवा पट्टा लावतात, जो कंबरपट्ट्याला खाली धरून ठेवतो. कसरतीचे उड्डाण करणाऱ्याला तो हवाच. शांतपणे सरळ उडणाऱ्याला त्याचा कंटाळा येतो, आणि कंटाळवाणा पट्टा लोक लावत नाहीत. न लावलेला पाच बिंदूंचा पट्टा लावलेल्या तीन बिंदूंच्या पट्ट्याहून वाईट असतो, हे निवडणाऱ्याने विसरू नये.

चौथा प्रश्न कापडाचा. नायलॉन अधिक ताणते, पॉलिएस्टर कमी. लहान विमानाच्या कक्षात डोके आणि उपकरणपट यांतील अंतर आधीच थोडे असते. तेथे वीतभर ताणसुद्धा डोके फुटायला पुरते. म्हणून अशा जागी पॉलिएस्टर बरे. दोन्ही कापडे उन्हाने झिजतात. काचेच्या छताखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या विमानातील पट्टा दिसायला ठीक असला, तरी आतून निकामी झालेला असू शकतो.

पाचवा प्रश्न मोटारीच्या पट्ट्याचा, आणि हा मोह सर्वांत मोठा. दिल्लीच्या काश्मिरी गेटला मोटारींच्या सुट्या भागांची प्रचंड बाजारपेठ आहे. तेथे पट्टा मिळायला अडचण नाही. तो मजबूतही असतो. पण मोटारीतील पट्टा गुंडाळणाऱ्या रिळात एक लहान लोलक असतो. मोटार ज्या स्थितीत उभी असते, त्या स्थितीचाच हिशेब धरून तो बसवलेला असतो. दुसऱ्या कोनात बसवला तर रीळ अवेळी अडकते किंवा वेळेवर अडकत नाही. शिवाय मऊ शेतात उतरलेले लहान विमान पुष्कळदा उलटे होते. उलटा लटकलेला, गोंधळलेला माणूस एका हाताने, एका हालचालीत बक्कल उघडू शकला पाहिजे. उघडण्याची सोय ही बांधण्याच्या सोयीइतकीच महत्त्वाची आहे.

सहावा प्रश्न पट्टा लावल्यावर हात कोठवर पोहोचतो हा. याचे सर्वांत दुःखद उदाहरण सर्वांना माहीत असलेल्या एका माणसाचे आहे. अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात विमान कोसळून मरण पावला. ते विमान लाँग-ईझी या आराखड्याचे, घरी बांधलेले होते. पण डेन्व्हरने ते बांधलेले नव्हते, नुकतेच विकत घेतले होते. मूळ बांधणाऱ्याने एका टाकीवरून दुसरीवर इंधन वळवण्याची कळ आराखड्यातल्या जागी न ठेवता वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे ठेवली होती. ती फिरवण्यासाठी उजव्या हातातील नियंत्रणदांडा सोडायचा, खांद्याचा पट्टा सोडायचा, आणि कमरेतून डावीकडे वळायचे, एवढे सगळे करावे लागे. तपास करणाऱ्यांना असे आढळले की तसे वळताना उजवा पाय साहजिकच पायकळीवर दाबला जातो. बांधणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. बसण्याच्या कक्षात इंधनाच्या नळ्या नसाव्यात, असा त्याचा विचार होता. त्याच्या स्वतःच्या अंगवळणी ती जागा पडलीही असेल. पण त्याचा निर्णय दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात गेला, आणि त्या माणसाला त्याची किंमत पुरेशी ठाऊक नव्हती.

येथे अर्थशास्त्र मदतीला येते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन दाखवले की विकणाऱ्याला वस्तूची माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेव्हा बाजार आपोआप नीट चालत नाही. नियमनाचे एक मुख्य समर्थन याच असमानतेत आहे. घरी विमान बांधणारा जोपर्यंत एकटाच त्यात बसतो, तोपर्यंत ही असमानता शून्य असते. बांधणारा तोच, वापरणारा तोच, धोका पत्करणारा तोच. त्याच्या पट्ट्यात शासनाने डोके घालण्याचे कारण फार थोडे उरते. पण ज्या क्षणी दुसऱ्या आसनावर पत्नी, मुलगा किंवा मित्र बसतो, किंवा विमान विकले जाते, त्या क्षणी असमानता पुन्हा जन्म घेते. दुसऱ्या आसनावरच्या माणसाने बोल्ट पाहिलेला नसतो. नियमनाची हद्द पहिल्या आणि दुसऱ्या आसनाच्या मधून जाते, असे मला वाटते.

अमेरिकेने या हद्दीवर एक इशारा लावला आहे. घरी बांधलेल्या विमानात प्रवाशाला दिसेल अशा जागी फलक लागतो की हे विमान हौशी माणसाने बांधलेले असून प्रमाणित विमानांचे सुरक्षा-नियम ते पाळत नाही. ब्रिटनने निराळा मार्ग धरला. तेथे शासनाने हे काम हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेकडेच सोपवले आहे. संघटनेचे निरीक्षक बांधणी चालू असताना येऊन पाहतात आणि त्यांच्या शिफारशीवर उड्डाणाची परवानगी मिळते. अमेरिकेतही संघटनेचे अनुभवी सदस्य स्वेच्छेने, विनामोबदला दुसऱ्याचे अर्धवट विमान तपासून सल्ला देतात. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. शासन पट्टा निवडत नाही. निवडणाऱ्याला प्रश्न विचारणारा कोणीतरी असावा, आणि न निवडणाऱ्याला सत्य कळावे, एवढेच पाहते.

आपल्याकडे काय घडले? लहान विमानांची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. भारतात आरेखित झालेले पहिले विमान म्हणजे एचटी-२. ते १९५१ साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये उडाले. त्याचे आरेखन डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे. कोल्हापूर भागात १९०८ साली जन्मलेले हे मराठी अभियंते जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले होते. त्याच कारखान्यातून १९५८ साली पुष्पक हे दोन आसनांचे, पोलादी नळ्या व कापडाचे विमान आले आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वापरले गेले. १९८० च्या दशकात बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने लाँग-ईझीच्याच आराखड्यावर एक संशोधन-विमान बांधून उडवले. म्हणजे डेन्व्हरच्या विमानाचे भावंड आपल्या देशातही होते. पण हे सर्व सरकारी संस्थांतले काम. एकट्या माणसाने घरी विमान बांधावे, ही कल्पना आपल्या नियमांच्या सवयीत बसणारी नव्हती.

ती सवय हलवली ती मुंबईच्या अमोल यादव या वैमानिकाने. कांदिवलीतील चारकोप येथील इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिले. नोंदणीसाठी त्यांचा पाठपुरावा २०११ पासून चालू होता. मधल्या काळात नियमांतील तरतुदी बदलल्या आणि व्यक्तीच्या नावाने असे विमान नोंदवणे अधिकच कठीण झाले. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण-चाचणी झाली. एका माणसाच्या चिकाटीचा हा इतिहास आपल्या सर्वांना अभिमानाचा आहे. पण प्रशासक म्हणून मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. एवढ्या वर्षांत सार्वजनिक चर्चा झाली ती नोंदणी मिळते की नाही याची. खांद्याचा पट्टा कोणत्या कोनात जातो, त्याचा बोल्ट कशात अडकला आहे, हे प्रश्न त्या चर्चेत कोठेच ऐकू आले नाहीत. दारावर सर्व शक्ती खर्च झाली की घरात पाहायला कोणी उरत नाही. परवानगी नाकारणे हे सुरक्षेचे काम वाटते. प्रत्यक्षात ते सुरक्षेचा प्रश्न पुढे ढकलणे असते. आता १९३४ च्या विमान कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. त्याखालील नियमांत या लहान विषयाला नीट जागा देण्याची संधी आहे.

ज्यांना हा विषय मूठभर हौशी लोकांचा वाटतो, त्यांनी रस्त्याकडे पाहावे. मी राहतो त्या फरीदाबादमधून रोज हजारो माणसे मथुरा रस्त्याने दिल्लीला जातात. बदरपूरची सीमा जवळ आली की हात पट्ट्याकडे जातात, आणि पोलीस मागे पडले की पुष्कळांचे पट्टे सुटतात. मोटार-वाहनांसाठी आपल्या नियमांनी २००० सालच्या मानकांत दोन वेगळे क्रमांक दिले होते: पट्ट्यासाठी एआयएस ००५ आणि जोडबिंदूंसाठी एआयएस ०१५. कारखान्यात हे दोन्ही तपासले जातात, आणि ते काम शासनाने उत्तम केले आहे. पण २०२१ साली देशात पट्टा न लावल्यामुळे १६,३९७ माणसे मेली, असे रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यांत ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी होते. जवळजवळ निम्मे मृत्यू चालकाशेजारच्या वा मागच्या, म्हणजे 'दुसऱ्या' आसनांवरचे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा मागच्या आसनांवरील प्रवाशांनी पट्टे लावलेले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. मागच्या आसनालाही पट्टा लावायचा नियम त्या आधीपासूनच होता, आणि १ सप्टेंबर २०१९ पासून पट्टा न लावल्यास एक हजार रुपये दंडही होता. देशाला तो नियम त्या दिवशी कळला. पुढे मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्रेत्यांना आदेश द्यावा लागला की पट्टा न लावताच मोटारीचा इशारा-आवाज बंद करणारी खोटी बक्कले विकू नका. अशा वस्तूंच्या १३,११८ नोंदी काढून टाकल्या गेल्या.

हे दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. घरी विमान बांधणाऱ्याला शासन काही देत नाही, तरी तो रात्री जागून बोल्टाचा व्यास मोजतो, कारण पट्टा त्याने स्वतः निवडलेला असतो. मोटारीतल्या माणसाला शासनाने तपासलेला, सिद्ध झालेला, आयता पट्टा मिळतो, आणि तो बक्कलात खोटी चकती अडकवतो. पहिल्याकडे आस्था आहे, पण त्याला प्रश्न विचारणारा कोणी नाही. दुसऱ्याकडे सर्व प्रमाणपत्रे आहेत, पण आस्था नाही. मानक आणि आस्था यांपैकी एकच असेल तर जीव वाचत नाही.

म्हणून माझ्या मते घरी बांधलेल्या विमानांसाठी नियम करायचा झाला, तर तो असा असावा. पट्ट्याचा प्रकार, कंपनी, किंमत यांबाबत शासनाने बोलू नये. ते बांधणाऱ्याने ठरवावे. मात्र प्रत्येक जोडबिंदूचे छायाचित्र आणि तो किती बल सोसेल याचा हिशेब बांधणाऱ्याने स्वतःच्या सहीने नोंदवहीत ठेवावा, आणि फ्लाइंग क्लबातील एखाद्या परवानाधारक अभियंत्याने, सांगाड्यावर कातडे चढण्यापूर्वी, तो प्रत्यक्ष पाहावा. कारण एकदा आवरण चढले की बोल्ट दिसत नाही. पट्टे बांधून, डोळे मिटून, सर्व कळांपर्यंत हात पोहोचतो हे वैमानिकाने दाखवावे. दुसऱ्या आसनावर बसणाऱ्याला, विमान कोणी बांधले हे मराठीत, हिंदीत, ज्या भाषेत त्याला कळेल त्या भाषेत, लेखी सांगावे. आणि विमान विकले गेले तर ती नोंदवही विमानाबरोबर जावी. यासाठी नवे कार्यालय लागत नाही, नवे पद लागत नाही.

फरीदाबाद हे गाव फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांनी १९४९ पासून पुष्कळसे स्वतःच्या हातांनी उभारले. त्यांच्यापाशी भांडवल नव्हते. शासनाने जमीन, साहित्य आणि सहकारी संस्थांची चौकट दिली, भिंती त्यांनी रचल्या. स्वतः बांधणाऱ्या माणसाशी शासनाने कसे वागावे, याचा तो एक जुना आणि बऱ्यापैकी यशस्वी धडा आहे. विमानाच्या पट्ट्यालाही तो लागू पडेल. पट्टा त्याचा त्याला निवडू द्यावा. तो ज्या बोल्टला बांधला आहे तो बोल्ट मात्र दुसऱ्या कोणीतरी एकदा हात लावून पाहावा.